कर्णिकांनी वाचलेली तार

कल्याणात विश्राम कर्णिक नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. मोठे कुणी नव्हेत. लष्कराच्या छावणीत कारकून, आणि पुढे छावणी मोडल्यावर म्युनिसिपालिटीत कारकून. डोक्यावर काळी टोपी, हातात धोतराचा सोगा, आणि मासळीशिवाय घास न उतरणारं कायस्थी पोट. एवढंच वर्णन.

पण त्यांची एक खोड गावभर माहीत होती. वाचता न येणारं कुणी कागद घेऊन आलं की कर्णिक तो पहिल्या अक्षरापासून वाचायला लागत. वरचा शिक्का, तारीख, जावक क्रमांक, मजकूर, सही, सहीखालचा हुद्दा, आणि तळाशी बारीक टायपात छापखान्याचं नाव असलं तर तेही. एकदा कोर्टाची नोटीस घेऊन आलेला माणूस वैतागून म्हणाला, "अहो, बाकीचं राहू द्या हो. माझ्या बाजूनं आहे की विरुद्ध, तेवढं सांगा की!" कर्णिकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तेवढं सांगायचं सोडून दिलंय मी," म्हणाले, आणि पुन्हा शिक्क्यापासून सुरुवात केली. लोक हसायचे. हसोत बापडे! त्यांना पाणखारची गोष्ट कुठे ठाऊक होती?

पाणखार म्हणजे दिवा स्टेशनाच्या समोर, खाडीपलीकडे, आगऱ्यांची वीस-पंचवीस घरं. पुढे मिठागरं, मागे भातखाचरं. तिथली आवडाबाई आठवड्यातून एकदा भरतीबरोबर होडीनं कल्याणला यायची आणि कर्णिकांच्या ओट्यावर टोपली उतरवायची. तिचे सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, कर्णिकांच्या बायकोला, सुमतीबाईंना, इतके पसंत की दुसऱ्या कुणाचे त्या घ्यायच्याच नाहीत. नवरा लवकर गेलेला. एकच मुलगा, काळुराम. मिठागरात फावडं ओढायचा, होडी वल्हवायचा, आणि एक्केचाळीस साली भरतीवाल्यांच्या मागे लागून फौजेत गेला. लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. बायकोचं नाव कमळा.

पुढे सिंगापूर पडलं. आणि बेचाळीसच्या उन्हाळ्यात एका सकाळी आवडाबाई टोपलीशिवाय आली. हातात तार होती.

कर्णिक कामावर निघाले होते, एक पाय चपलेत. त्यांनी तार उघडली. इंग्रजीत चार ओळी. काळुराम गोविंदा, अमुक नंबर, अमुक तारखेपासून बेपत्ता असल्याचं कळवण्यास खेद होतो, अधिक माहिती मिळताच कळवू. बस्स. बेपत्ता. त्यापलीकडे अक्षर नव्हतं.

आता इथे कर्णिकांच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर त्यांनी जे केलं त्याचा अर्थ लागायचा नाही. त्यांचा थोरला भाऊ, अण्णा, सतराव्या वर्षी घरातून निघून गेला होता. तो कुठे गेला, काय झालं, कधीच कळलं नाही. त्यांच्या आईनं अकरा वर्षं रोज संध्याकाळी त्याचं पान मांडलं. रोज! भात निवला की उचलायची आणि गाईला घालायची. शेवटी वाट बघता बघताच गेली. विश्राम लहानपणापासून त्या रिकाम्या पानाशेजारी बसून जेवले होते. 'मेला' असं कुणी येऊन सांगितलं असतं तर आई एकदा रडली असती आणि मोकळी झाली असती, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं ते कायमचं.

ओट्यावर आवडाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. "काय लिवलंय, भाऊ?"

कर्णिकांनी तारेची घडी घातली. "आवडाबाई," ते म्हणाले, "काळुराम गेला. आता वाट बघू नका."

एवढंच. दोन वाक्यं. दया म्हणूनच बोलले, त्यात खोट नव्हती. पण कागदात नसलेलं बोलले.

आवडाबाईनं तिथेच बसकण मारली. सुमतीबाईंनी पाणी आणलं ते तिनं घेतलं नाही. पुढे पाणखारला पिठाचा पुतळा करून जाळला, दहावं-बारावं झालं, कमळीच्या बांगड्या फुटल्या. लढाईत गेलेल्याच्या घरच्यांना सरकारकडून काही मिळतं, अर्ज करू या, असं कर्णिकांनी दोनदा सुचवलं. "पोराच्या मरनाचं मना काय नको," असं म्हणून आवडाबाईनं विषय तोडला तो तोडलाच. पण सोडे आणायचं तिनं थांबवलं नाही. कर्णिकांवर तिचा उलट विश्वास बसला. एवढी वाईट बातमी तोंडावर सांगायला छाती लागते, असं ती चारचौघांत सांगायची.

लढाई संपली. शेहेचाळीस साल उजाडलं आणि कर्णिकांच्या कामाला ऊत आला. छावणी कल्याणपासून तीन-चार मैलांवर, नुसता बराकींचा समुद्र. मुंबईला बोटी लागायच्या, इजिप्तहून, ब्रह्मदेशातून, मलायातून. बोट रिकामी झाली की शिपाई खास गाडीनं छावणीत यायचे. तिथे डॉक्टरची तपासणी, सामान जमा, कागदावर शिक्के, आणि मग ज्याच्या त्याच्या गावाचा रेल्वेचा पास. लढायला न्यायला एक सही पुरली होती. घरी सोडायला अकरा लागत! आणि हे सगळं सुरू व्हायचं यादीपासून. बोट लागली की शिपायांच्या आधी त्यांच्या नावांची यादी यायची. कर्णिक ती पुढ्यात घेत, एकेका नंबराचं जुनं कार्ड कपाटातून काढून नावाशी जुळवत, आणि समोर उतरायचं स्टेशन लिहीत. यादीत नाव नाही तर माणूस नाही, मग तो समोर उभा राहून बोंबलत का असेना.

मार्चातल्या त्या सकाळी कर्णिक जेवायला बसले होते. सुमतीबाई वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, काल आवडाबाई येऊन गेली. आज कमळीचा पाट लावतेय."

"काय सांगतेस! कुणाशी?"

"काल्हेरच्या भिवाशी. बायको वारलीय त्याची, दोन मुलं आहेत. माणूस सालस आहे म्हणते. सुनेचं पुन्हा लग्न सासू लावून देतेय, बघा. आज दिवेलागणीला. तुम्हाला खास बोलावलंय हं."

कर्णिकांना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. "बघ," ते म्हणाले, "तेव्हा मी घाव घालून टाकला ते चांगलंच झालं. नाहीतर ती पोर अजून खाडीकडे डोळे लावून बसली असती." आणि त्यांनी सोड्याचं कालवण आणखी मागून घेतलं.

अकराच्या सुमारास छावणीच्या कचेरीत मोटारसायकलवाला यादी टाकून गेला. मलायाकडची बोट, सहाशे बारा माणसं, उद्या सकाळी दाखल. बरेचसे जपान्यांच्या कैदेतून सुटलेले. कर्णिकांनी टाक बुडवला आणि सुरुवात केली. रत्नागिरी, सातारा, सातारा, अहमदनगर. दीडशे झाले, दोनशे झाले. तीनशे सत्तेचाळीसाव्या ओळीवर टाक थांबला.

काळुराम गोविंदा. जिल्हा ठाणे. कैदेतून मुक्त.

कर्णिकांनी टाक खाली ठेवला. त्यांनी ओळ पुन्हा वाचली, बोट ठेवून वाचली. मग उठून कपाटाकडे गेले. त्या नंबराचं कार्डच नव्हतं. कैद्यांची बरीचशी कार्डं अजून मोठ्या दप्तरात अडकली होती, त्यातलंच हे एक. आडनाव नाही, गाव नाही. बापाचं नाव गोविंदा असलेला काळुराम ठाणे जिल्ह्यात एकच थोडाच असेल? खाडीच्या दोन्ही काठांना दर दोन वाड्यांत एक निघेल. हा पाणखारचाच कशावरून?

नंबरावरून. नंबर तारेत होता. तार आवडाबाईच्या घरी होती. आणि आज दिवेलागणीला आवडाबाईच्या घरी कमळीचा पाट होता.

कर्णिक हेडक्लार्ककडे गेले. गुरुदत्त वागळे म्हणजे वाईट माणूस नव्हे, पण सहाशे माणसं उद्या दारात उभी राहणार म्हणून त्याच्या डोक्याचा भुगा झाला होता.

"मला आत्ता घरी जायचंय," कर्णिक म्हणाले.

"आज? कर्णिक, आज? शुद्धीवर आहात ना? निम्मी यादी व्हायचीय अजून!"

"एका बाईचं आज लग्न लागतंय. तिचा नवरा बहुतेक या यादीत आहे."

वागळ्यानं हातातला कागद खाली ठेवला. "बहुतेक?"

"नंबर जुळवून बघायला हवा."

"मग उद्या तो माणूसच येतोय की. त्यालाच विचारा. आज जाऊन तुम्ही मांडव मोडलात आणि उद्या भलताच काळुराम उतरला, तर? त्या घरात आशा पेटवून विझवायची का पुन्हा? आणि यादीतलं अक्षर बाहेर सांगायचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

बोलणं अगदी बरोबर होतं. तेच तर कर्णिकांना अडवत होतं. एकदा ते कागदाच्या पुढे जाऊन बोलले होते. आता दुसऱ्यांदा बोलायचं? आणि गप्प राहायचं, तर उद्या तो खरोखरच पाणखारचा निघाला तर त्याला काय सांगायचं? "ये बाबा, बैस, काल संध्याकाळी तुझी बायको काल्हेरला गेली"?

"वागळे," ते म्हणाले, "तारेत 'बेपत्ता' होतं. 'मेला' मी म्हणालो. माझ्या मनानं म्हणालो."

कर्णिकांची चौदा वर्षांची नोकरी, एकही गैरहजेरी नाही, शाईचा डाग नाही. वागळ्यानं हजेरीपट ओढला. "कर्णिकांच्या पोटात मुरडा आला. दुपारनंतर घरी पाठवले," असं मोठ्यानं म्हणत लिहिलं आणि मान वर न करता म्हणाला, "उरलेली यादी मी करतो. निघा आता. तुमच्या तोंडाकडे बघवत नाही."

कर्णिकांनी नंबर एका चिठोऱ्यावर उतरवून घेतला आणि सुटले. छावणीतून स्टेशनापर्यंत एका मालमोटारीत, टोप्यांच्या गठ्ठ्यांवर बसून. गाडी चुकली. पुढची पाऊण तासानं. दिव्याला उतरले तेव्हा ऊन कलंडलं होतं. बंदराकडे जाणारी वाट त्यांनी धावत काढली. चाळिशी उलटलेला माणूस, कधी धावायची सवय नाही, टोपी हातात, टक्कल उन्हात. बंदरावर आले आणि बघतात तर काय, खाडी ओसरलेली! मधे पाण्याची एक पट्टी आणि दोन्हीकडे नुसता काळा चिखल. होडीवाला पोपट होडीच्या सावलीत विडी ओढत पडला होता.

"पाणखारला सोड रे बाबा. लवकर!"

पोपटानं हसून चिखलाकडे हात केला. "कशी सोरू? होरी टेकलीय. भरती लागल दिवं लागल्यावर."

"तोवर उशीर होईल!"

"कसला उशीर? पाटाला चाललाव ना? जेवान कुठं जातंय?"

कर्णिकांना त्या हसण्याचा असा राग आला, की त्याची विडी हिसकून फेकावी. पण रागाला वेळ नव्हता. "चालत जाता येतं का?" त्यांनी विचारलं.

"आमाला येतंय. तुमाला नाय."

कर्णिकांनी चपला काढून कमरेला खोचल्या, धोतर मांडीपर्यंत आवळलं आणि चिखलात पाय घातला. गुडघ्यापर्यंत गेला. दुसरा घातला, तोही गेला. पोपट ओरडला, "अवो, उभं ऱ्हावू नका, रुताल! चालत ऱ्हावा!" मग शिव्या घालत तोच उठला, पुढे झाला आणि त्यांचा दंड धरून ओढायला लागला. मधल्या पट्टीत पाणी छातीशी आलं. कर्णिकांनी नंबराचा चिठोरा टोपीत घातला आणि टोपी डोक्यावर घट्ट बसवली. पलीकडे निघाले तेव्हा कालवांच्या शिंपल्यांनी दोन्ही तळवे चिरले होते. पुढे मिठागराचा बांध. त्या अरुंद बांधावरून, दोन्हीकडे तांबूस पाणी, रक्ताळलेल्या पायांनी ते चालत सुटले. सूर्य मिठाच्या ढिगांवर टेकला होता. मनात एकच घोकत होते. कागदात आहे तेवढंच बोलायचं. त्यापुढे एक शब्द नाही.

आवडाबाईच्या दारात चार बांबूंचा लहानसा मांडव होता. पाटाला वाजंत्री नसते, गर्दी नसते. घरची माणसं, आणि काल्हेरहून आलेले पाच जण. त्यांतला पांढरं पागोटं घातलेला, खाली मान घालून बसलेला, तो भिवा. आत दाराशी भावकीतली म्हातारी लक्ष्मी कमळीच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती. उजवा हात भरून झाला होता. डावा नुसताच मांडीवर होता.

"अगं बया, कर्नीकभाऊ!" आवडाबाई धावत आली. "खाडीतून आलाव? माज्या कमलीसाटी?" तिचे डोळेच भरून आले. "बसा, बसा. अरं, पानी आना कुनीतरी! ह्या मानसानं मना खरं सांगितलं म्हनून आज यो दिस आयला."

कर्णिकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "आवडाबाई," ते म्हणाले, "ती तार आहे का? जपून ठेवलीय?"

असल्या दिवशी तो कागद कोण मागतं?

"हाय," आवडाबाई सावकाश म्हणाली. "पन आज ती कशाला?"

"मला बघायचीय. आत्ता. पाट लागण्याच्या आधी."

आवडाबाई आत गेली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. वर काळुरामाचा एक सदरा, त्याखाली तार. घडीवर फाटायला आलेली. कर्णिकांनी टोपीतला चिठोरा काढला. पोपटानं चिठोरा धरला आणि त्यांनी तार. एक एक आकडा मोठ्यानं म्हणत त्यांनी जुळवला. पाच आकडे. पाचही तेच.

आणि तेवढ्यात त्यांना पेटीच्या तळाशी दोन पाकिटं दिसली. खाकी, सरकारी, लांबट. चिकटवलेली तशीच.

"ही कसली?"

"तीच," आवडाबाई म्हणाली. "त्याच्याच मरनाची. एक तवा वर्सानं आलेलं, एक आता दिवालीनंतर. टपालवाला देऊन जेला. सरकार परत परत कलवतंय. आमाला एकदा कललं, बस झालं. पैलाच तुमी वाचलाव ना? मंग कशाला कुनाला तरास?"

विचार करा! चार वर्षं ती बाई दर आठवड्याला कर्णिकांच्या ओट्यावर येत होती. पाकीट टोपलीत टाकून आणायला काय जड होतं? पण मेलेल्याचा कागद पुन्हा का वाचून घ्यायचा? शहाण्या माणसानं एकदा वाचून दिलेलं खोटं कसं असेल?

कर्णिकांनी पाकीट फोडलं. मग दुसरं. उभ्यानं वाचलं आणि मटकन खाली बसले. चिखलानं माखलेल्या त्या माणसाला सगळ्यांदेखत रडू फुटलं.

"अवो, झालं काय?" भिवा उठून पुढे आला.

"तारेत तो मेल्याचं लिहिलेलं नाही," कर्णिक म्हणाले. "बेपत्ता लिहिलंय. सापडत नाही, एवढंच. मेला असं मी सांगितलं. मीच. हे त्रेचाळीसचं पत्र, काळुराम जिवंत आहे, जपान्यांच्या कैदेत आहे. आणि हे गेल्या नोव्हेंबरचं, सुटला, इस्पितळात आहे, बोटीनं पाठवू. आज माझ्या यादीत त्याचं नाव आलं. नंबर जुळला. माणूस मी अजून पाहिलेला नाही. बोटीवर आहे असं कागद सांगतो. उद्या सकाळी छावणीत येईल असं कागद सांगतो. त्यापुढचं मला माहीत नाही."

लक्ष्मीच्या हातातली बांगडी तशीच राहिली. कमळी बसल्या जागी आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती, एक भरलेला, एक रिकामा.

आवडाबाई पुढे आली. तिनं पेटी उचलून छातीशी धरली. ओरडली नाही. ओरडली असती तर कर्णिकांना सोसलं असतं.

"चार वर्सं," ती म्हणाली, "माजा पोर जिता व्हता ह्या पेटीत. मी वर सदरा ठेवून झाकन लावलं."

मग ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आजवर ती कर्णिकांना 'तुमी' म्हणत आली होती. आता म्हणाली, "वाच. पैल्यापासून वाच. समदं वाच. एक अक्षर खाऊ नको."

कर्णिकांनी वाचलं. तारेवरची वेळ वाचली, ऑफिसाचं नाव वाचलं, आकडे वाचले, प्रत्येक ओळ इंग्रजीतून आणि मग मराठीतून वाचली. दोन्ही पत्रं, सही, शिक्का, तळाचा छापखाना. आवडाबाई एकेका शब्दाला मान हलवत होती. अंधारून आलं तेव्हा कुणीतरी दिवा आणून शेजारी ठेवला. पाटासाठीच तेल घालून ठेवलेला दिवा तो.

वाचून झालं तेव्हा भिवानं पागोटं सारखं केलं. "जित्या मानसाची बायको हाय ती," तो आपल्या माणसांना म्हणाला. "चला, निगू." त्याची मुलं घरी नव्या आईची वाट बघत होती, हे मांडवात सगळ्यांना माहीत होतं. कमळी घाईघाईनं हातातल्या बांगड्या काढायला लागली. त्यानं दारातूनच हात केला. "ऱ्हाऊ दे त्या. भावानं भरल्या समज." आणि लक्ष्मीला म्हणाला, "म्हातारे, दुसरा हात रिकामा नको ठेवू. भर तिचा."

लक्ष्मीनं डावा हात भरला. तेव्हा कुठे कमळी रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीच्या फाटकाबाहेर आवडाबाई आणि कमळी बसून होत्या. नातेवाइकांना आत मनाई. आत फलाटावर शिपाई रांगेत उभे राहिले आणि वागळे यादी वाचायला लागला. कर्णिक त्याच्या शेजारी, पायांना फडकी बांधलेली. तीनशे पंचेचाळीस, हजर. शेहेचाळीस, हजर. "काळुराम गोविंदा!"

कुणी ओ दिली नाही.

"काळुराम गोविंदा!"

नाही. वागळ्यानं कर्णिकांकडे पाहिलं आणि नियमाप्रमाणे नावापुढे फुली मारायला पेन्सिल टेकवली. कर्णिकांनी त्याचं मनगटच धरलं. "थांबा," म्हणाले. "फुली मारू नका. बघितल्याशिवाय मारू नका." आणि लंगडत लंगडत गाडीच्या कडेनं निघाले. प्रत्येक डबा, प्रत्येक दार. शेवटून दुसऱ्या डब्यात आजारी माणसं होती. खालच्या फळीवर एक हाडाचा सापळा पडला होता, दाढी वाढलेला, डोळे तेवढे जिवंत. कर्णिकांना ओळख पटेना. त्यांनी नंबर म्हटला. माणसानं हात जरासा वर केला. हिवतापानं त्याचा आवाज बसला होता. ओ तो देत होता, पण ऐकू कुणालाच जात नव्हती.

"गाव?" कर्णिकांनी विचारलं. यादीत तो रकाना नव्हताच.

ओठ हलले. कर्णिकांनी कान जवळ नेला. "पानखार."

मग कर्णिकांनी आयुष्यातला दुसरा नियम मोडला. फाटकापर्यंत जाऊन पहारेकऱ्याला म्हणाले, "या दोन बाया माझ्याबरोबर आहेत," आणि त्यांना आत घेऊन आले.

कागद पुरे होऊन काळुराम बाहेर पडायला तीन आठवडे गेले. घरी गेल्यावरही भानगड होतीच. ज्याचे दिवस घातले त्याला घरात कसं घ्यायचं? भटजींनी तोड काढली. त्याला न्हाऊ घालून आवडाबाईच्या मांडीवर बसवलं, पुन्हा बारसं केलं, आणि कमळीशी पुन्हा लग्न लावलं. मांडव तोच होता, चार बांबूंचा. कर्णिकांना बोलावणं आलं नाही.

सोडेही आले नाहीत. सुमतीबाई बाजारातून दुसरे आणत. कर्णिक ते मुकाट्यानं खात, पहिल्यासारखे नाहीत असं एकदाही म्हणाले नाहीत. छावणी रिकामी झाली, तिथे सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले, कर्णिक म्युनिसिपालिटीत गेले. आणि तेव्हापासून कागद शिक्क्यापासून वाचायची ती खोड लागली.

त्रेपन्न सालच्या जूनमध्ये एका सकाळी ओट्यावर टोपली उतरल्याचा आवाज झाला. कर्णिक बाहेर आले. आवडाबाई होती, वाकलेली, केस पांढरे. तिच्या पदराला धरून सहा वर्षांची एक मुलगी उभी होती, काळुरामासारखीच काळीसावळी, हातात कोरी पाटी.

"काळूची पोर," आवडाबाई म्हणाली. "हिला वाचायला शिकवा."

"शाळा आहे की आता तुमच्याकडे," कर्णिक म्हणाले. "मी कशाला?"

"शालंत मास्तर येतंय आठवड्यातून दोनदा. आनि तुमी आता समदं वाचता, असं बाजारात आयकलंय मी." तिनं पोरीला पुढे केलं. "मना तुमचा राग नाय आता. पन आमच्या घरचा कागद परत दुसऱ्याच्या तोंडातून नको."

सुमतीबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. सोडे होते. कर्णिक खाली ओट्यावर बसले, मुलीला जवळ बसवून घेतलं आणि पाटी मागितली.